अजून त्यांचं व्हायचं होतं

संताजीरावांना सुट्टीत काहीतरी नवं शिकल्याशिवाय अन्न गोड लागत नसे. बेंगळुरूतल्या मल्लेश्वरमच्या शाळेत ते वर्षभर मुलांना पदार्थविज्ञान शिकवीत आणि एप्रिल संपला, की स्वतःच विद्यार्थी होत. एका सुट्टीत होमिओपॅथी झाली, एका सुट्टीत फोटोग्राफी, एका सुट्टीत बुलबुलतरंग. एकही विद्या दसऱ्यापर्यंत टिकली नाही. बुलबुलतरंग आता त्यांची आई अंबुबाई सांडगे वाळवताना फडकं उडू नये म्हणून वजनाला ठेवी.

बासष्ट सालच्या मे महिन्यात त्यांना पाण्याखाली श्वास घ्यायचं खूळ लागलं. नौदलातून निवृत्त झालेले लोबो नावाचे मंगळुरी गृहस्थ बेंगळुरूत येऊन राहिले होते. त्यांच्याकडे परदेशी बनावटीची सामग्री होती: पाठीवर बांधायची हवेची टाकी आणि तिच्यातून निघून तोंडात धरायची जाड रबरी नळी. दंडूकडच्या, म्हणजे लष्करी छावणीकडच्या, एका क्लबाच्या तलावात सुट्टीभर सकाळी ते नवशिक्यांचा वर्ग घेत. शेवटी परीक्षा. पास होईल त्याला सही-शिक्क्याचा कागद, आणि वर मालपेला नेऊन खऱ्या समुद्रात एक बुडी. अट एकच होती. शिकायचं जोडीनं, पास व्हायचं तेही जोडीनं. पाण्याखाली एकटा गेलेला माणूस वर येईलच असं नाही, असं लोबोंचं म्हणणं होतं आणि त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

संताजीरावांचे जोडीदार म्हणजे त्याच शाळेतले भगवंतराव. पण वर्ग सुरू व्हायच्या तोंडावर भगवंतरावांचा कान फुटला आणि डॉक्टरांनी त्यांना तलावाकडे बघायचीसुद्धा बंदी केली. संताजीराव दोन दिवस तोंड पाडून बसले. तिसऱ्या दिवशी भात वाढणाऱ्या बायकोकडे त्यांचं लक्ष गेलं. अठरा वर्षांच्या संसारात असं अचानक लक्ष जायची वेळ फार थोडी आली होती.

"राजी, तुला पोहायला येतंय की गं!"

येत होतं. राजलक्ष्मीच्या वडिलांचा यशवंतपूरला भाजीचा मळा होता आणि मळ्यात पायऱ्यांची मोठी विहीर. पाठीला वाळका भोपळा बांधून ती भावांबरोबर पोहायला शिकली होती आणि पुढं भोपळा सोडून काठावरून मुटकाही मारायची. लग्न झालं आणि पाण्याशी संबंध उरला तो बंबातल्या आणि हंड्यातल्या. तिला कुणी पोहू नको म्हटलं नव्हतं. पोह म्हणणारंही कुणी नव्हतं.

"मी काय करू तिथं? बायका असतात होय?"

"एक पारशीण येतीय, नवऱ्याबरोबर. आणि पास झालो तर मालपे! समुद्र!"

हा शब्द मात्र लागला. राजलक्ष्मीनं समुद्र पाहिला नव्हता. लग्नाच्या पहिल्या वर्षीच संताजीरावांनी तो दाखवायचं कबूल केलं होतं, पण दर सुट्टीत कुठली ना कुठली विद्या मध्ये उपटायची आणि समुद्र पुढच्या वर्षावर जायचा. ती कधी बोलली नाही. मनात मात्र होतं, आणि चौतिसाव्या वर्षी ते सतराव्या वर्षापेक्षा जास्त होतं.

सासूची परवानगी लागणार होतीच. अंबुबाईंनी तंबाखूची गुळणी टाकून सगळं ऐकून घेतलं. "नवऱ्याबरोबरच जातीया न्हवं? सरी, जा की. पण केस वाळवून ये. ओल्या केसानं बशीत बसलीस तर बघणारे बघतील." झालं. शिंप्याकडून काळ्या जाड कापडाची विजार आणि मनगटापर्यंत बाह्यांचा पोलका शिवून आला. हे सगळं नाटकातल्या राक्षसिणीचं असणार, अशी शिंप्याची समजूत होती आणि ती कुणी दूर केली नाही.

पहाटेची बस, शिवाजीनगरला दुसरी बस, मग तलाव. लोबो पन्नाशीचे, टक्कल पडलेले, मुंबईच्या गोदीत मराठी शिकलेले. पहिल्या दिवशी राजलक्ष्मीनं नळी तोंडात धरली, कमरेला शिशाचा पट्टा बांधला आणि ती बारा फूट खाली जाऊन बसली. श्वास आला. पुन्हा आला. वर कुणी बोलत होतं ते ऐकू येत नव्हतं. दूध उतू गेलं, दार वाजलं, राजी टॉवेल कुठाय, यातलं काहीच इथं पोहोचत नव्हतं. तिला इतकं बरं वाटलं, की लोबोंना तिला वर बोलवायला दोनदा खाली यावं लागलं.

संताजीरावांचं गणित कागदावर पक्कं होतं. दाब म्हणजे काय, रक्तात हवा कशी मुरते, वर येताना श्वास का कोंडायचा नाही, हे ते पारशी जोडप्यालाही समजावून सांगत. पाण्यात मात्र ते स्वतःच्याच बुडबुड्यांकडे बघत बसत. बुडबुडे वर जाताना मोठे होतात हा नियम त्यांनी वीस वर्षं शिकवला होता, आता तो डोळ्यांसमोर घडत होता. माणूस हरखला तर नवल नाही.

पाण्याखाली बोलता येत नाही म्हणून खुणा. अंगठा आणि तर्जनीचं कडं म्हणजे ठीक. आडवा हात गळ्यावरून फिरवला, की माझी हवा संपली, मला दे. पारशीण ही खूण इतक्या हौसेनं करी, की लोबो तिला रागे भरत. राजलक्ष्मीनं सगळ्या खुणा एका दिवसात पाठ केल्या.

परीक्षेतली शेवटची कसोटी सगळ्यांत अवघड होती. दोघांनी तळाशी समोरासमोर गुडघे टेकून बसायचं. टाकी दोघांत एकच. एकानं दोन श्वास घ्यायचे, नळी दुसऱ्याला द्यायची, त्यानं दोन घेऊन परत करायची. लोबो खांद्यावर थाप मारीपर्यंत हे चालू ठेवायचं.

टाकी संताजीरावांच्या पाठीवर होती. त्यांनी दोन श्वास घेतले, नळी दिली. राजलक्ष्मीनं दोन घेतले, परत केली. पुन्हा त्यांनी दोन घेतले. मग तिसरा घेतला. मग चौथा. मान वर, नजर बुडबुड्यांवर. राजलक्ष्मी समोर बसली होती, हात मांडीवर जुळवून. छाती जड झाली, मग जळू लागली. खूण तिला येत होती. हात उचलून गळ्यावर फिरवायचा, एवढंच. हात उचलला नाही. डोळ्यांपुढं काळे ठिपके नाचायला लागले तेव्हा लोबोंनी झडप घालून स्वतःची नळी तिच्या तोंडात कोंबली आणि तिला काठावर काढलं.

"बाई, खूण का नाय केली?" लोबो इतके ओरडले, की क्लबाचा माळी धावत आला. "मरायचं होतं काय? हात नाय तुम्हाला?"

राजलक्ष्मी खोकत होती. खोकला थांबल्यावर तिनं खरं ते सांगितलं.

"त्यांचं झालं नव्हतं."

"काय झालं नव्हतं?"

"अजून त्यांचं व्हायचं होतं," ती म्हणाली.

लोबोंना काही उमगलं नाही. ते ब्रह्मचारी, त्यातून किरिस्ताव. संताजीराव टॉवेलनं डोकं पुसत म्हणाले, "मी देणारच होतो की." आणि ते खोटं नव्हतं. ते देणारच होते. जेवणात तरी ते कधी तिच्यासाठी ठेवायला विसरले होते?

कारण त्या घरची रीत अशी होती. घरचा पुरुष आधी जेवणार. बायको उंबऱ्याशी बसून काय हवं-नको ते बघणार, आणि त्याचं झालं, की त्याच्याच ताटात वाढून घेणार. लग्नाच्या दिवशी अंबुबाईंनीच तिला त्या ताटावर बसवलं होतं. संताजीराव चावून झालेल्या शेवग्याची चोथटी नीट एका कडेला लावत आणि सणाला ओबट्टूचा मधला, पुरणाचा तुकडा तिच्यासाठी राखून उठत. तो तुकडा प्रेमाचाच होता, राजलक्ष्मीला ते ठाऊक होतं. पण ते सावकाश जेवत, बोलत बोलत जेवत, आणि तोवर सारू, म्हणजे भातावरची पातळ आमटी, निवून जाई. झालं का, असं जेवणाऱ्याला कुणी विचारतं?

दोघं नापास. लोबोंनी आठवड्यानं पुन्हा एक संधी देऊ केली. मालपेची गाडी त्याच्या दुसऱ्या दिवशी निघणार होती. तोवर घरी सराव करा म्हणून त्यांनी जुन्या नळीचा तुकडा दिला.

संध्याकाळी मागच्या पायरीवर दोघं समोरासमोर बसली. अंबुबाई जात्याशी बसून मजा बघत होत्या. राजलक्ष्मीनं नळी तोंडात धरली, दोन श्वास घेतले, पुढं केली. संताजीरावांनी ती घेतली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि मग तोंडात धरली.

पुन्हा तसंच. तिच्या तोंडातली नळी आली, की सोगा पुढं. त्यांच्या तोंडातली तिच्याकडं गेली, की ती तशीच तोंडात.

तिसऱ्या वेळी राजलक्ष्मीनं नळी दिली नाही. ती मुठीत घट्ट आवळून धरली. तो राग होता हे तिला जरा उशिरानं कळलं, कारण या घरात तो तिनं फारसा वापरला नव्हता.

"पुसता कशाला?"

"आँ?" संताजीराव गोंधळले. हातातल्या सोग्याकडे बघत राहिले. "सवय गं. उष्टं म्हणून..."

"मी पुसते होय कधी?"

जात्याची घरघर थांबली होती. संताजीरावांनी सोगा खाली सोडला. त्या दिवशी सराव तेवढ्यावरच आटोपला. रात्री ती त्यांच्या ताटात जेवली तेव्हा चोथटी नेहमीपेक्षाही नीट लावलेली होती. त्यानं तिचा राग गेला नाही.

परीक्षेच्या दिवशी लोबोंनी टाकी राजलक्ष्मीच्या पाठीवर चढवली. "आता हवा तुमची," ते म्हणाले. "आणि खूण केली नाय, तर दोघं घरी. मालपे विसरा."

तळाशी गुडघे टेकून दोघं बसली. तिचे दोन, त्यांचे दोन. पाण्यात सोगा नव्हता, पुसायला काही नव्हतं. संताजीराव मुकाट घेत होते, देत होते. बरं चाललं होतं. मग एकदा नळी त्यांच्याकडे गेली आणि वरून उन्हाची तिरीप पाण्यात उतरली. बुडबुडे चांदीसारखे चमकले. संताजीरावांची मान वर गेली. दोन झाले. तीन झाले.

राजलक्ष्मीनं हात उचलला. जड होता, पण उचलला. गळ्यावरून आडवा फिरवला. त्यांनी पाहिलं नाही. पुन्हा फिरवला. चौथा श्वास. छाती जळायला लागली. तिला समुद्र आठवला, न पाहिलेला. त्यांचं व्हायचं होतं, आणि ते कधीच होणार नव्हतं, असं तिला त्या क्षणी स्वच्छ दिसलं. तिनं हात पुढं केला आणि नवऱ्याच्या तोंडातली नळी ओढून घेतली.

संताजीरावांच्या नाकातोंडात पाणी गेलं. ते हातपाय झाडत वर निघाले. तिनं एका हातानं त्यांचा शिशाचा पट्टा पकडून त्यांना खाली बसवलं, दोन श्वास घेतले, पुरते दोन, आणि मग नळी त्यांच्या तोंडाला लावली. त्यानंतर त्यांनी बुडबुड्यांकडे पाहिलं नाही. तिच्याकडेच पाहत राहिले, आणि दोन झाले की स्वतःहून देत राहिले. थाप पडली तेव्हा दोघांनाही ती नकोशी वाटली असेल. निदान तिला वाटली.

"ओढून घेणं नियमात बसत नाय," काठावर लोबो म्हणाले. मग टकलावरून हात फिरवत पुढं बोलले, "पण खूण दोनदा केली, मी पाहिली. आणि त्यांना सोडलं नाय. दोघं पास."

घरी पोहोचेतो दुपार झाली. पोहून आलेल्या माणसाच्या पोटात जाळ असतो. राजलक्ष्मीनं ओले केस तसेच बांधले, भात उतरवला, सारू उकळला, ताट वाढलं. संताजीराव पाटावर बसले आणि सुरू झाले. आपण कसे पास झालो, लोबो काय म्हणाले, मालपेला पाणी किती खोल, हे सगळं ते अंबुबाईंना घासाघासाला सांगत होते. दुसरा भात झाला. बोलणं संपत नव्हतं. उंबऱ्याशी बसलेल्या राजलक्ष्मीला सारूचा वास असह्य झाला.

तिनं हात उचलला आणि गळ्यावरून आडवा फिरवला.

संताजीरावांचा घास हवेतच राहिला. ते तिच्याकडे बघत राहिले. 

"हे काय गं?" अंबुबाईंनी विचारलं. "हातानं काय केलंस?"

"खूण आहे, अव्वा. पाण्याखालची." राजलक्ष्मीनं हात खाली घेतला. मग म्हणाली, "जीव गुदमरायला लागला, की करायची."

अंबुबाईंची नजर तिच्या हातावरून लेकाच्या ताटाकडे गेली. त्यांनी नवऱ्याच्या ताटात चाळीस वर्षं काढली होती.

"आमच्या वेळंला कुणी शिकवली नाही," त्या म्हणाल्या.

गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या. फळीवरचं पाहुण्यांचं ताट काढून त्यांनी ते लेकाच्या ताटाशेजारी ठेवलं. संताजीराव न सांगता पाटासकट सरकले. अंबुबाईंनी चुलीवरचा भात वाढला, त्यावर सारू ओतला. "बस," त्या म्हणाल्या.

राजलक्ष्मी बसली. भूक फार लागली होती. तिनं घाईनं पहिला घास तोंडात घातला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. सारू किती कढत असतो हे तिला ठाऊकच नव्हतं. तिची जीभ भाजली.