घोटभर गप्प

आमच्या घरात कुणाचंही वाक्य आजवर त्याच्या मालकाने पूर्ण केलेलं नाही. भावजी मंडईत लिलाव पुकारतात, ताई दवाखान्यात पेशंटची नावं पुकारते, आणि आई या दोघांना पुरून उरते. अशा घरात माझी भाची, चिमणी, अडखळत वाचते. अक्षरं तिच्यासमोर जागा बदलतात म्हणे. ती जरा थांबली की तिन्ही बाजूंनी शब्द येऊन आदळतो. सगळं प्रेमापोटीच. शेवटी परवा तिने पुस्तक मिटून भावजींच्या मांडीवर ठेवलं.

"तुम्हीच वाचा. तुम्हाला येतं."

तेव्हापासून तिने पुस्तकाला हात लावला नाही. शाळेतल्या बाई ताईला म्हणाल्या, "डोकं छान आहे हो तिचं. तिला वेळ लागतो, तेवढा द्या. वाचणंच सोडलं तर मात्र कठीण आहे."

"वेळ कुठे घालवतो आपण?" भावजी दुखावले. "मी तर लगेच सांगून टाकतो!"

मी दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस आहे. तिथे भलेभले बडबडे येतात. चूळ भरायला पाणी दिलं की साधू होतात. मी चार पेले भरून टेबलावर मांडले.

"तोंडात धरायचं. चिमणी वाचतेय तोवर गिळायचं नाही."

"अरे, पण मला श्वास..."

"नाकाने घे, आई."

चिमणीने आमच्या फुगलेल्या गालांकडे आळीपाळीने पाहिलं. "कुणीच बोलणार नाही?"

आम्ही माना हलवल्या. जपून.

तिने पुस्तक ओढून घेतलं. "उं...टाला सर्दी झाली." आमचं घड्याळ टिकटिक करतं, हे मला तेव्हा कळलं. "उंट शिं...शिंकला आणि शेजा...ऱ्यांचा तं... तं..."

अडली. आई छताकडे बघू लागली. ताईने टेबलाची कड धरली. भावजींच्या भुवया कपाळभर नाचू लागल्या.

"बाबा, भुवयांनी सांगायचं नाही!"

भुवया खाली बसल्या. चिमणीचं बोट त्या अक्षरावरून बराच वेळ हललं नाही.

"तं...बू. तंबू!" मग तिने सगळं वाक्य पुन्हा, एकटीने वाचलं. "उंट शिंकला आणि शेजाऱ्यांचा तंबू उडाला!" आणि खुदकन हसली.

भावजींना आवरलं नाही. पुस्तक, ताई आणि मी, तिघं भिजलो.

चिमणीने फ्रॉकने पान पुसलं, उलटलं. पुढच्या चित्रात उंट अंथरुणाला खिळला होता.

"भरा परत," ती म्हणाली. "मोठा घोट घ्या, हा लवकर बरा होणार नाही."