फुटेल म्हणून कपाटात ठेवलेला टॅब

मित्रांनो, मी मोहने गावातल्या एका शाळेतला जुना टॅब आहे. मी फार वैतागलो आहे, हे आधीच सांगून टाकतो.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, आता मुलं भेटतील. भेटला तो हार. माझी पूजा झाली, सगळ्यांनी माझ्याबरोबर फोटो काढले आणि मुख्याध्यापिका हेमांगीबाईंनी मला कपाटात ठेवून कुलूप लावलं. "फुटला तर काय करायचं?" एवढंच त्यांचं म्हणणं. तिथे मी न वापरताच जुना झालो. म्हातारं व्हायचंच, तर काम करून तरी व्हावं की नाही?

मग शाळेत इलेन मिस आल्या. त्या बाळकुम गावच्या. आल्या आल्या त्यांनी किल्ली मागितली. "बाई, फुटला तर मी बघते. बंद राहून तो काय शिकवणारे?"

मिस माझ्यावर पाठाचा छोटा व्हिडिओ करायच्या आणि पालकांच्या मोबाईलवर पाठवायच्या. मुलं तो घरी बघून यायची. मग वर्गात प्रयोग, प्रश्न आणि भांडणंसुद्धा! काय कळलं ते प्रत्येकाने माझ्यासमोर बोलून दाखवायचं आणि मी ते रेकॉर्ड करून ठेवायचं.

पाचवीतल्या सान्वीची अक्षरं लिहिताना उलटीपालटी व्हायची. वार्षिक परीक्षेत तिचा परिसर अभ्यासाचा पेपर जवळजवळ कोरा राहिला. फेरपरीक्षाही लेखीच, तिथेही तेच. हेमांगीबाईंनी तिच्या आईला, मालनताईंना, बोलावलं. "हिला परत पाचवीत बसवावं लागेल." सान्वी आईला चिकटून रडत होती.

"बाई, आधी हे ऐका," म्हणत इलेन मिसनी मला पुढे केलं. आणि नेमकं तेव्हाच माझ्या पडद्यावर उमटलं, 'अपडेट सुरू आहे. कृपया थांबा.' मला माझाच इतका राग आला! पट्टी सरकता सरकेना. मालनताई निघायला उठल्या. "राहू दे मिस, तिच्या नशिबात नाही."

"बसा हो ताई!" मिस जवळजवळ ओरडल्याच.

शेवटी अपडेट संपलं आणि माझ्यातून सान्वीचा रेकॉर्ड केलेला आवाज आला. "गार बाटली बाहेरून ओली होते. मम्मी बोलली, गळते. म्हणून मी आत निळी शाई टाकली. बाहेरचे थेंब निळे नाही झाले. म्हणजे ते आतलं पाणी नाहीच. ते हवेतलं आहे."

 हेमांगीबाईंनी सान्वीला जवळ बोलावलं. "मला सांगशील परत?"

सान्वीने नाक पुसलं आणि सांगितलं. बाईंनी उलटसुलट विचारलं, ती अडली नाही.

"शाई कुठून आणलेलीस गं?"

"दादाच्या पेनातून. त्याने मारलं मला."

बाई हसल्या. "हिची परीक्षा आत्ता मी घेतली. सहावीत बसू दे. लिहायचं आपण शिकवू, इलेन."

मालनताईंनी लेकीला असं आवळलं, की तिला श्वास घेता येईना.

तेव्हापासून प्रत्येक वर्गाला मीच हवा असतो. ओढाओढ, आरडाओरडा, काचेवर वडापावची तेलकट बोटं! चार्जिंग संपत आलं म्हणून मी ओरडतो, तर कोणी ढुंकून बघत नाही. मी काय दगड आहे?

मित्रांनो, मला वेळेवर चार्ज करा. हिसकावू नका. हात पुसून या. पण या. आणि ज्याला लिहायला जमत नाही, त्याला रांगेत पुढे येऊ द्या.