सागपाड्याचा चढ

प्राचीनं आखलेल्या रस्त्यावर मागच्या फेब्रुवारीत अकरा जण सायकलवरून निघाले आणि त्यातले दहा जण वेळेत परत आले. उशिरा आलेली एकटी बाई म्हणजे खुद्द प्राची. आता याला काय म्हणायचं!

दोनशे किलोमीटर आणि साडेतेरा तास. अंबरनाथहून सकाळी सहाला सुटायचं, बदलापूर ओलांडून बारवीच्या जंगलात शिरायचं, मुरबाडवरून माळशेजच्या पायथ्याला जायचं आणि त्याच वाटेनं संध्याकाळी साडेसातच्या आत परत यायचं. ही शर्यत नाही, पहिलं-दुसरं कुणी येत नाही. वेळेत आलात तर कार्डावर शिक्का, नाही आलात तर नुसती पायदुखी. उल्हासनगरच्या क्लबातले लोक हमरस्त्यावरच्या ट्रकांना वैतागले होते, म्हणून क्लब चालवणाऱ्या हितेशनं नवा मार्ग शोधायचं काम प्राचीवर टाकलं. ती त्या जंगलाकडचीच. एमआयडीसीतल्या कंपनीत माल तपासणारी ही त्रेचाळीस वर्षांची बाई दहा रविवार एकटी हिंडली, खड्डे टिपले, पाण्याच्या जागा हेरल्या आणि सागांच्या सावलीतून जाणारा झकास मार्ग आखला. चूक एकच झाली. तो तिनं स्वतःच्या माहेरावरून नेला.

सागपाडा म्हणजे राखीव जंगलाच्या कडेची तीसेक घरं, मधून रस्ता, आणि अंबरनाथकडे येताना गाव संपलं की छातीवर येणारा चढ. सकाळी जाताना प्राची हात हलवून निसटली. परतीला मात्र सापडली. काशीकाकीनं हँडलच धरलं. चहा झाला, घावणे झाले, काकांना शेतावरून बोलावणं गेलं, मग चार घरी ‘नुसतं पाणी तरी’ झालं. लेक दारावरून जाते आणि उतरत नाही, असं या गावात कुणी बघितलेलं नव्हतं. चाळीस मिनिटं तिथं गेली आणि प्राची बावीस मिनिटं उशिरा पोचली. वर हितेशनं जखमेवर मीठ चोळलं.

“मॅडम, टाइमात आला असता ना, तरी तुम्ही बाद होता. दुकानातून घ्या, हॉटेलात खा, पण घरच्या लोकांची मदत नाही चालत. रूल म्हणजे रूल.”

वर्षभर क्लबातले लोक तिला ‘रस्ता बनवणारी, रस्त्यात राहणारी’ म्हणून चिडवत राहिले. ती हसायची, पण ते तिला लागायचं. कंपनीतली पहिली पाळी संपली की रोज तीस किलोमीटर आणि रविवारी शंभर, असा तिनं धडाका लावला. हितेशनं सागपाडा टाळून वळसा घालू या, असंही सुचवलं. प्राची ठाम होती. वळसा म्हणजे परत तेच ट्रक. आणि स्वतःच्या गावाला वळसा घालायला तिनं काय गुन्हा केला होता?

यंदाच्या राइडच्या आठवडाभर आधी तिनं काकीला फोन केला.

“काकी, या खेपेला मी थांबणार नाही. घोटभर पाणीसुद्धा घेणार नाही. राग मानू नको.”

पलीकडे काकीनं हातातलं भांडं आपटल्याचा आवाज आला.

“कवढा टाइम असतो तुला?”

“साडेतेरा तास.”

“तेवढ्या टायमात बाळंतपण उरकतं गो. मना पाच मिन्टं नाय?”

“नाहीत, काकी.”

“मंग बाय, ऐकून ठेव. माहेरच्या दारावरशी न उतरता जाते, ती भांडून गेलेली असते. तुला जायाचं तर जा.” आणि फोन ठेवला.

प्राची सहा वर्षांची असताना आई गेली, तेव्हापासून काकीनंच तिला वाढवलं. तिचं माहेर म्हणजे खरं तर ही म्हातारीच होती. त्या रात्री प्राची नीट जेवली नाही. पण सकाळी उठून तिनं सायकलच्या साखळीला तेल घातलं. थांबायचं नाही ते नाहीच.

राइडच्या दिवशी सकाळी सागपाड्यात काकीचं दार बंद होतं. प्राचीनं मान खाली घालून पेडल मारलं. पळस पेटलेले होते, हवा गार होती, पण तिचं कशात लक्ष लागेना. माळशेजच्या पायथ्याला ती वेळेच्या चाळीस मिनिटं पुढं होती. मग परतीला समोरून वारा सुटला आणि मुरबाडच्या अलीकडे मागचं चाक पंक्चर झालं. टायर रिमवरून निघेना. बोटं सोलवटली, एक नवी ट्यूब वाया गेली आणि हातची सगळी मिनिटं तिथंच संपली.

सागपाड्याची कमान दिसली तेव्हा सहा वाजून बारा मिनिटं झाली होती. सत्तावीस किलोमीटर बाकी आणि हातात अठ्ठ्याहत्तर मिनिटं. मांड्या दगड झाल्या होत्या. एकदा पाय टेकला असता तर परत उचलला गेला नसता, हे तिला पक्कं माहीत होतं.

दार अजून बंदच होतं. ‘बरं,’ ती स्वतःशी म्हणाली आणि डोळे पुसून चढाला लागली.

हा चढ असा, की चांगल्या चांगल्यांची सायकल इथं माणसाच्या चालीनं चालते. अर्ध्या चढावर रस्त्याच्या कडेला पाच-सहा बायका उभ्या होत्या. पुढं काकी होती, नवं लुगडं नेसलेली, हातात ताट घेतलेली.

“काकी, मी थांबणार नाही!” प्राची ओरडली.

“तुला थांब कोन बोलला?” काकी तिच्या बाजूनं चालायला लागली. सत्तरीची बाई, धापा टाकत, पण पावलाला पाऊल मिळवून. “पाय खाली टेकू नको! आजाबात टेकू नको!”

हेल्मेटच्या कडेखाली तिनं कुंकवाचं बोट लावलं, ते घामासकट नाकावर उतरलं.

“अगं, मला बाद करतील! कुणाकडून काही घ्यायचं नसतं!”

“खायाला कुठं देतंय मी? ओटी भरतंय.” प्राचीच्या जर्सीच्या पाठीवरच्या खिशात काकीनं आधी तांदूळ, सुपारी, हळकुंड बांधलेला खण कोंबला, मग दुसऱ्या खिशात नारळ. “तुला उतराया टाइम नाय, तर मीच चढून आलू. आता कोन बोलंल, पोर भांडून गेली?”

प्राचीला हुंदका आला. दम आधीच संपलेला, त्यात हुंदका, म्हणजे मोठीच पंचाईत. तिनं तो गिळला आणि पेडल दाबलं. मागून बायका ओरडत होत्या, “मार गो, मार!”

नारळ अर्धा किलोचा असेल, पण प्रत्येक खड्ड्याला कमरेत बसत होता. हितेशचा नियम तिच्या डोक्यातून जाईना. इथंच झाडीत तो टाकला असता तर कुणाला कळलं असतं? पण ओटीतला नारळ टाकणारी प्राची नव्हती. लपवणारीही नव्हती. बाद तर बाद, पण आधी वेळेत पोचायचं, असं तिनं ठरवलं आणि बदलापूरच्या दिव्यांपर्यंत ती एकदाही सीटवर सैल बसली नाही.

अंबरनाथला पोचली तेव्हा सात वाजून सव्वीस मिनिटं झाली होती.

टेबलामागे हितेश शिक्का घेऊन बसला होता. प्राचीनं कार्डाच्या आधी नारळ ठेवला, त्यावर खण ठेवला.

“हे वाटेत घेतलं. काकीनं ओटी भरली. काय ते लिहा.”

भोवतीचे लोक बघायला पुढं सरकले. हितेशनं तिच्या नाकावर ओघळलेल्या कुंकवाकडे बघितलं.

“उतरला होता?”

“नाही.”

“यातलं काही खाल्लं?”

“ओटीतलं कुणी सायकलवर खातं का?”

हितेशनं नारळ हातात घेऊन तोलला. “वो चढ पे? हे घेऊन?” तो मान हलवत म्हणाला, “मदत असती तर बाद केलं असतं, मॅडम. ही मदत कुठं आहे, हे तो वजन आहे.” आणि त्यानं कार्डावर शिक्का मारला, इतक्या जोरात की टेबल हललं.

प्राची फुटपाथवर बसली आणि आधी पोटभर रडली. मग तिनं सागपाड्याला फोन लावला.

“पोचले, काकी. वेळेत.”

“वाटंत कुठं पाय टेकलास?”

“कुठंच नाही.”

“बरं झालं.” काकी म्हणाली. “आता रविवारी ये. सायकल घरी ठेवून ये.”