काडेपेटीएवढी खोली

चाळीस वर्षं मी लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकली, तीही रंगीत. लहान खोल्या मोठ्या दाखवणं हा माझा धंदा. समोरची भिंत फिकट ठेवायची, छत पांढरं, नक्षी बारीक; मग आठ फुटांच्या खोलीत शिरलेला माणूसही म्हणतो, "वा, ऐसपैस आहे की!" असा धंदा केलेला माणूस दुसऱ्याच्या भिंतीवर सहजासहजी विश्वास ठेवत नाही. बायको म्हणायची, तुम्ही आरशावरसुद्धा संशय घ्याल. घ्यायचोच. आरसा तर आमच्या धंद्यातला पहिल्या नंबरचा लबाड.

ती जाऊन तीन वर्षं झाली. आता मी राहतो ती इमारत पाडणार आहेत आणि महिनाअखेर मला जागा रिकामी करायची आहे. लेकीने गेल्या वर्षी भाड्याने स्वतंत्र खोली घेतली. इमारतीचं कळल्यापासून ती फोनवर दर वेळी सांगायची, "बाबा, माझी खोली कसली, नुसती काडेपेटी आहे." मी विचारलेलं नसायचं. न विचारता सांगितलेली गोष्ट मला खटकते. तरी ठरवलं, जाऊन बघू आणि धीर झाला तर विचारू, मी तुझ्याकडे राहायला येऊ का. वाटेत दोनदा वाक्य घोकलं.

"या बाबा. जपून हं, पाय ठेवायला जागा नाही."

खोली खरंच अंगावर आली. समोरची भिंत वांग्याच्या रंगाची. डावीकडे कागद लावलेला, त्यावर परातीएवढी फुलं. छत तपकिरी, आणि तो रंग वीतभर खाली भिंतीवर उतरवलेला. मनात म्हटलं, गाढवापुढे वाचली गीता! एवढं शिकवलं, सगळं पाण्यात. ओरडणारच होतो, पण ती चहा ठेवायला वळली आणि मी जरा निरखून पाहिलं.

कागदाच्या दोन पट्ट्या जिथे जुळत होत्या तिथे पाकळीला पाकळी भिडली होती. छताखालची रेघ दोऱ्यासारखी सरळ. इतका साफ हात असलेली पोर रंग चुकेल कशी? शंकेची पाल चुकचुकली.

"कपाट असं मधोमध का गं?"

"त्या भिंतीला ओल आहे बाबा."

मी उठून भिंतीला तळवा लावला. भिंत कोरडी ठणठणीत. ती स्वयंपाकाच्या कट्ट्याकडे तोंड करून उभी होती, त्यामुळे तिने पाहिलं नाही.

भिंत फसवते, छत फसवतं, पण फरशी खोटं बोलत नाही. एकेक फुटाच्या फरश्या होत्या, वर गडद सतरंजी. पायाच्या अंगठ्याने मी सतरंजीची कड दुमडली आणि मोजायला लागलो. लांबीला तेरा. चुकलो असेन म्हणून पुन्हा मोजल्या. तेराच. रुंदीला अकरा. मी, बायको आणि हीच पोर दहा बाय दहाच्या खोलीत अठरा वर्षं राहिलो होतो. इथे खिडकीखाली आणखी एक पलंग सहज मावला असता.

म्हणजे ती काहीच विसरली नव्हती. गडद रंग भिंत जवळ ओढतो, मोठी नक्षी जागा खाते, हे मीच शिकवलेलं. तिने सगळं उलटं वापरलं होतं, आणि तेही माझ्यासाठी. मला फार वाईट वाटलं. रागही आला. आणि खोटं कशाला बोलू, कामाचं कौतुकही वाटलं.

मग एक जुनी गोष्ट आठवली. बारा वर्षांची असताना तिने घरातल्या आपल्या कोपऱ्याला पिवळाधमक रंग दिला होता. ती शाळेतून येईपर्यंत मी तो फिकट राखाडी करून टाकला, कारण पिवळ्याने खोली तोकडी दिसत होती. ती रडली नाही, भांडलीही नाही. त्यानंतर आमच्या घरातला एकही रंग तिने निवडला नाही. मला तेव्हा वाटलं होतं, पोरीला पटलं.

तिने चहा दिला आणि कपाकडे बघतच विचारलं, "तुमच्या जागेचं काय झालं?"

घोकलेलं वाक्य ओठांवर होतं. ते चहाबरोबर गिळलं.

"बघितलीय एक," मी ठोकून दिलं.

"खरंच? कशी आहे?"

"ह्याच्यापेक्षा मोठी."

ती हसली. आल्यापासून पहिल्यांदाच मोकळी हसली, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलं.

"ही फारच लहान आहे ना हो, बाबा?"

"हो. दोन माणसं मावायची नाहीत."

निघालो. दारापर्यंत गप्प राहिलो, पण जित्याची खोड. मागे वळलो तर ती त्या दुमडलेल्या सतरंजीकडे आणि उघड्या पडलेल्या फरश्यांकडे बघत होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाबा..."

"खिडकीची भिंत पांढरी ठेवलीस," मी म्हणालो. "तिथे खोलीचं खरं माप कळतं. तीही गडद कर. आणि एका हातावर भागवू नकोस, रंगाचे दोन हात दे."