डुक्कर कापलं, तर सांगा!

मंडळी, आपल्यापैकी किती जण डॉक्टरपुढं खरं बोलतात? छातीवर हात ठेवून सांगा! डॉक्टरनं "दारू घेता का?" विचारलं की आपण कानाला हात लावतो आणि बिचारा डॉक्टर तोंडाचा वास सोसत नाडी बघतो. हसण्यावारी नेण्यासारखी सवय नाही ही. भिलाईत कारखाना उभा राहत होता, पहिली भट्टी अजून पेटायची होती, तेव्हा या सवयीपायी एक धडधाकट माणूस मरता मरता वाचला.

त्याचं नाव चंपत. भंडाऱ्याकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, भिलाईत येऊन रिगर झाला होता. जड लोखंड तारेच्या दोरानं बांधायचं, क्रेनवाल्याला हातानं इशारा द्यायचा आणि ते डोंगराएवढं धूड अलगद जागेवर बसवायचं, हे त्याचं काम. कामात वाघ! पण घरी बायको रुक्मापुढं त्याची मांजर व्हायची. "माया चुलीवर अंडं बी चढत नाई," असं रुक्मा सगळ्या लेबर कॅम्पला अभिमानानं सांगे, आणि चंपत शेजारी बसून मुंडी हलवी.

आता खरी गोष्ट ऐका. चंपतच्या गँगची एक रीत होती. एखादं अवघड लोखंड सुखरूप चढलं की सगळे नाल्यावर जमायचे. जवळच्या वस्तीतून डुक्कर आणायचं, निखाऱ्यावर भाजायचं, सोबत मव्ह्याची, म्हणजे मोहाच्या फुलांची दारू. फकिरा, भैयालाल, सुखराम, चंपत, चौघं चार गावचे आणि चार जातींचे, पण नाल्यावर पंगत एकच. मला विचाराल तर हे फार छान होतं! वाईट होती ती पुढची शपथ. नाल्यावरची गोष्ट नाल्यावरच सोडून यायची. कारण प्रत्येकाच्या घरी, नात्यात किंवा शेजारात नाक मुरडणारं कोणी ना कोणी होतंच.

त्या रविवारी आणलेलं डुक्कर सकाळपासून सुस्त पडून होतं. मालक स्वस्तात द्यायला तयार झाला, यांनी घेतलं. सुरी नेहमीप्रमाणे चंपतच्या हातात. तारेचे दोर ओढून त्याच्या तळहाताला चिरा पडलेल्या होत्या.

"अबे, कंपनीचे हातमोजे घाल ना," फकिरा म्हणाला.

"हातमोजे घालून डुक्कर कापू? लोकं हासतीन मले!" चंपतनं तळहातावर मव्ह्याची धार सोडली. "हे पाय, झाला साफ. दारूनं सारंच मरते!"

उरलेली दारू अर्थात पोटात गेली. चंपत तसाही रोजच घ्यायचा. मटण पुरतं शिजेपर्यंत कोणाला धीर नव्हता, अर्धंकच्चंच फस्त झालं.

मंगळवारी चंपतला हुडहुडी भरली. तळहात सुजला, जांभळा पडला, मान लाकडासारखी ताठ झाली. रुक्मा म्हणाली, "अजी, दवाखान्यात चला ना."

"तार लागली थोडीशी. उतरते उद्या." असं म्हणून त्यानं तापावर औषध म्हणून आणखी दारू घेतली. शनिवारी भट्टीवर सगळ्यात मोठा भाग चढायचा होता आणि त्याचा इशारा चंपत देणार होता. आजारी पडलो असं कळलं तर तो मान दुसऱ्याला जाईल, ही धास्ती. आणि डॉक्टरनं खोदून विचारलं तर नाल्याचं बिंग फुटेल, ही त्याहून मोठी!

दोन दिवस असेच गेले. मग शेजारच्या गिरजाबाई आल्या. गिरजाबाई म्हणजे दवाखान्यातल्या नर्स, नागपुरात शिकलेल्या. बाबासाहेबांपाठोपाठ नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून कोणापुढं मान खाली घालायची नाही, असा त्यांचा खाक्या होता. जीभ तिखट आणि हात मायेचा. त्यांनी चंपतच्या मानेखाली हात घालून पाहिला आणि बाहेर जमलेल्या गँगवर ओरडल्या, "पाहून काय राहिले? खाट उचला!"

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, हाताला काय लागलं? चंपत पुटपुटला, "तार." गँगनं माना हलवल्या. त्या दिवसांत कॅम्पमध्ये दर चौथ्या माणसाला मलेरिया. डॉक्टरांनी मलेरियाची औषधं सुरू केली. संध्याकाळपर्यंत ताप काही हटेना आणि चंपत बरळायला लागला. रुक्मालाही ओळखेना.

गिरजाबाई दवाखान्याच्या अंगणात आल्या. गँगचे तिघंही जमिनीकडे बघत उभे होते.

"काय लपवून राहिले तुमी?"

"काई नाई बाई."

"हा हात निस्त्या तारेचा नाई दिसत. कोणतं जनावर कापलं का यानं?"

फकिरानं भैयालालकडे पाहिलं, भैयालालनं आभाळाकडे. शेवटी फकिरा म्हणाला, "शपथ हाय बाई आमची."

"शपथ?" गिरजाबाईंचा पारा चढला. "माणूस तिकडं मरून राहिला अन् तुमी इथं शपथ सांभाळून राहिले! कोणाची भीती वाटते एवढी?"

"वैनीले समजलं तं..." भैयालाल बोलता बोलता थांबला.

"काय समजलं तं?" मागं रुक्मा उभी होती, हातात पेजेचा गिलास.

आता फकिराला राहवेना. त्यानं सगळं सांगून टाकलं. नाला, सुस्त डुक्कर, चिरलेला हात, कच्चं मटण, दारू. रुक्माच्या हातातला गिलास खाली पडला. आता ही आपला उद्धार करणार म्हणून तिघांनी माना आत ओढल्या.

"डुक्कर!" रुक्मा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि आवाजात आग. "अरे, मंग हे पयलेच सांगता नाई आलं? माया चुलीचं सोवळं मोठं का माया माणूस मोठा?"

आणि ती धावतच वॉर्डात शिरली. साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "डॉक्टर साहेब! माया माणसानं डुक्कर कापलं! चिरलेल्या हातानं कापलं, कच्चं खाल्लं, रोज दारू पेते थो!"

एका खाटेवरच्या माणसानं 'राम राम' म्हणत नाकाला धोतर लावलं. रुक्मा गर्रकन वळली. "नाक कावून दाबता बापा? तुमाले काई झालं नाई!"

डॉक्टर म्हणाले, "अरे, पहले क्यों नहीं बताया?" आणि लगेच पेनिसिलिन मागवलं. त्या क्षणापासून सुया सुरू झाल्या. एक दिवस, दोन दिवस, रुक्मा खाटेजवळून हलली नाही. तिसऱ्या दिवशी चंपतनं डोळे उघडले आणि विचारलं, "शनिवार झाला का?"

झाला होता! इशारा फकिरानं दिला होता. चंपतनं कपाळाला हात लावला. पण तो हात त्याला हलवता आला हे पाहून रुक्मा हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली.

भेटायला आलेल्या सुखरामला मात्र एक प्रश्न सतावत होता. "बाई, खाल्लं तं आमी सगळ्यायनं. मंग यालेच कावून झालं?"

"चांगलं इचारलं," गिरजाबाई म्हणाल्या. "चिरा कोणाच्या हाताले होत्या? याच्या. आजारी जनावराचं रक्त त्या चिरांतून आत गेलं. वरून हा रोज पेते, दारूनं लिव्हर खराब झालं का अंगात लढाची ताकद राहात नाई. अन् मंग दिवसच्या दिवस घरी लोळला. ज्याचं वय झालं, ज्याले साखरेचा आजार हाय, त्याले तं हे अजून लवकर नेते. तुमी कच्चं खाल्लं, तुमचं नशीब चांगलं होतं म्हणून वाचले."

सुखराम हळूच म्हणाला, "आमाले वाटलं, पाप लागलं."

"पापबिप काई नाई, जंतू असतात ते! डुकराचं मटण मीबी खाते. धडधाकट जनावराचं खाते, रटरटून शिजवते, हात धुते. खाणाऱ्याले हलकं समजाचं, अन् त्या भीतीनं त्यानं डॉक्टरपासून लपवाचं, याले पाप म्हणा पायजे तं!"

चंपत घरी आला, पण या आजारात गेलेलं डाव्या कानाचं ऐकू येणं काही परत आलं नाही. बाकी माणूस होता तसाच, फक्त आता ओरडून बोलायचा. दारू सुटली. गिरजाबाई भिंतीपलीकडे राहत असताना न सुटून सांगते कोणाला!

पुढच्या वेळी लोखंड चढलं तेव्हा पंगत नाल्यावर झाली नाही. कॅम्पच्या मोकळ्या मैदानात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झाली. रुक्मा पाटावर बसून एकेकाचे तळहात तपासत होती. ज्याच्या हाताला चीर, त्याला मटणाला शिवायची बंदी. कापणाऱ्याला हातमोजे सक्तीचे. ती स्वतः खाणार नव्हती, ते तिनं आधीच सांगून टाकलं होतं, आणि कोणाला त्यात वावगं वाटलं नाही.

"झालं वाटते वैनी, उतरवू का?" भैयालाल दर थोड्या वेळानं विचारी.

"नाई झालं! हाडापासून सुटू दे!"

चंपतचा हात अजून पुरता भरला नव्हता, म्हणून त्याला कांदे सोलायला बसवलं होतं. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

"कांदा भल्ला तिखट हाय वाटते," फकिरानं त्याच्या उजव्या कानात चिडवलं.

"कांदा नाई बे!" चंपत एवढ्यानं ओरडला की अख्खं मैदान वळून पाहायला लागलं. "मी जित्ता हाय म्हणून रडून राहिलो! मी लपवलं, मरून राहिलो होतो. हिनं सांगतलं, वाचलो!"

रुक्मानं लाजून पदर तोंडाला लावला.

तर मंडळी, हात चिरला असेल तर कच्च्या मटणाला लावू नका, सुस्त जनावर कापू नका, पुरतं शिजवा, दारूला औषध समजू नका, आणि ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठून खरं ते सांगा. आणि एक आपल्या सगळ्यांसाठी. शेजाऱ्याच्या ताटात डोकावून नाक मुरडू नका. तुमच्या मुरडलेल्या नाकाच्या भीतीनं कोणी डॉक्टरपुढं गप्प राहिला आणि मेला, तर त्या मरणाचा दोष तुमच्याही माथी येतो.