सव्वा सूत जास्त

मित्रांनो, मला पाहून कुणीही म्हणेल की हा लाकडाचा वाकडा दांडा आहे. म्हणू द्या! मी एक जुना सागवानी पॅटर्न आहे. मला ओल्या वाळूत दाबून अलगद काढलं की माझ्या आकाराचा साचा मागे उरतो. त्यात वितळलेलं ॲल्युमिनियम ओतलं की माझ्यासारखीच धातूची कमान तयार होते. अशा चार कमानींच्या जोरावर करी रोडच्या आमच्या चाळीने अडतीस वर्षं माणसं जिन्यावरून खाली-वर नेली. आता बोला, कोण दांडा?

मला घडवलं कोंडीरामने. तो गिरणीच्या वर्कशॉपमध्ये पॅटर्न बनवायचा. त्याच्या वडिलांना जातीपायी त्याच गिरणीत मागाजवळ फिरकू देत नसत, आणि मुलाला तिथे स्वतःचं टेबल आणि स्वतःचा रंधा मिळाला. त्यामुळे कोंडीराम मापात केसभर चूक होऊ द्यायचा नाही. त्याच्याकडे एक पिवळी पडलेली फूटपट्टी होती. तिच्यावरचा फूट बाजारातल्या फुटापेक्षा जरासा मोठा होता. दुकानातली पट्टी शेजारी धरून लोक त्याची टर उडवायचे, म्हणायचे, कोंडीरामची पट्टी खोटं बोलते. तो नुसता हसायचा आणि त्याच पट्टीने काम करायचा.

आमच्या चाळीला लिफ्ट नाही. एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या एका गर्भार बाईला लाकडी खुर्चीवर बसवून उतरवताना खुर्चीचा पाय निसटला. बाई थोडक्यात वाचली. त्या संध्याकाळी कोंडीराम जेवला नाही. पुढच्या रविवारी गॅलरीत बसून त्याने मला तासायला घेतलं. दोन पाइप धरणारी, फुटाहून थोडी लांब, दोन्ही टोकांना खोबणी असलेली कमान त्याच्या डोक्यात होती. वाळूतून निघताना साच्याची कड ढासळू नये म्हणून त्याने माझ्या अंगाला बेताचा उतार दिला, वर तीन हात लाखेचे दिले. मी काय चकाकत होतो म्हणून सांगू!

ॲल्युमिनियम चाळीनेच दिलं. कुणी पोचलेला टोप दिला, कुणी बिनमुठीचं पातेलं. शिवडीच्या शेडमध्ये दौलतची भट्टी होती. हा दौलत कोकणातला, कोंडीरामचा गिरणीतला सोबती, वाळूचे साचे भरण्यात वाकबगार. त्याने माझ्यावरून चार कमानी ओतल्या, आणि पाइप, पट्टे नि बैठक जोडून उचलखुर्ची तयार झाली. चार माणसांनी चार टोकं धरायची आणि मधल्या माणसाने मजेत बसायचं.

त्यानंतर चाळीत किती पोरं त्या खुर्चीतून वर आली ते विचारू नका. आई खुर्चीत, बाळ आईच्या मांडीवर, आणि जिन्याच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या. कोंडीरामची नात संघमित्राही अशीच घरी आली. लोक खुर्चीची तारीफ करायचे. माझं नाव कुणाच्या तोंडी नसायचं, कारण काम झाल्यावर मला वर्तमानपत्रात गुंडाळून पोटमाळ्यावर टाकलं होतं. खोटं कशाला बोलू, वाईट वाटायचं. पण खाली खुर्चीचा खडखडाट ऐकू आला की छाती फुगायची. ते बळ माझंच होतं ना!

यंदा फेब्रुवारीत चाळीतल्या काही शहाण्यांनी उचलखुर्चीवरून फ्रीज वर नेला. हो, फ्रीज! दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक कमान तडकली. लालबागच्या वेल्डरकडे सांधून आणली, तर आठवड्यात सांध्याशेजारीच पुन्हा तडकली.

आणि नेमकं यंदाच बकुळाला खाली उतरायचं होतं. बकुळा म्हणजे कोंडीरामची बायको. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत बायकांच्या रांगेत ती तीस वर्षं सगळ्यांत पुढे चालली. गेल्या वर्षी मांडीचं हाड मोडलं आणि जयंती तिने गॅलरीतून पाहिली. पोरं म्हणाली, आजी, उचलून नेतो. तिने साफ नकार दिला.

"मला पोत्यासारखं नेऊ नका," ती म्हणाली. "खुर्चीत ताठ बसून जाईन, नाहीतर घरात बसेन."

जयंतीला वीस दिवस उरले होते. संघमित्राने काम अंगावर घेतलं. ती परळच्या एका ऑफिसात यंत्रांच्या भागांची चित्रं काढते, संगणकावर. मोठी हुशार पोरगी. रात्री जेवणं झाल्यावर ती आजीला समजावून सांगत होती, ते मी वरून ऐकलं. कमान ओतायला साचा कसला करायचा, हा खरा प्रश्न होता. लोखंडाचा साचा केला तर माल गुळगुळीत येतो आणि साचा हजारो वेळा चालतो. पण आपल्याला कमान हवी एकच, आणि तो साचा बनायलाच दोन महिने लागतील. मेणाचा नमुना करून भोवती लेप चढवायचा आणि मेण वितळवून टाकायचं, ही दुसरी रीत. ती नाजूक नक्षीसाठी चांगली, आपल्या जाड कमानीला कशाला एवढे लाड? राहिली वाळू. वाळूचा साचा एका वेळेपुरता, थोडा खरबरीत, पण दोन दिवसांत होतो आणि ती वाळू पुन्हा वापरता येते. फक्त त्याला पॅटर्न लागतो.

असं ठरलं आणि माझ्या अंगावरचं वर्तमानपत्र निघालं. इतक्या वर्षांनी उजेड! पण संघमित्राने मला मोजलं आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिने जुन्या, चांगल्या कमानीचं माप घेतलं होतं. दोन खोबणींमध्ये बरोबर एक फूट. माझ्यात निघाला एक फूट आणि वर सव्वा सूत. इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सूत. तिला वाटलं, माळ्यावरच्या दमटपणाने माझं लाकूड फुगलं. बिचारीची फार चूक नव्हती. ऑफिसात असली मापं संगणकच सांभाळून घेतो, माणसाला ती दिसतही नाहीत.

तिने ठरवलं की मला मधोमध कापायचं, सव्वा सुताची चकती काढून टाकायची आणि दोन्ही तुकडे पुन्हा चिकटवायचे. माझं धाबं दणाणलं!

कोंडीराम समोरच खाटेवर बसला होता, ऐंशी पार केलेला. त्याला सगळं कळत होतं, पण तो गप्प होता. का, ते मला ठाऊक होतं. सुरुवातीलाच संघमित्रा त्याला प्रेमाने म्हणाली होती, आजोबा, तुम्ही आराम करा, मी बघते. तेव्हापासून गडी रुसून बसला होता. विचारलं नाही ना, मग सांगायचं नाही. मला त्याचा राग आला, अगदी मनापासून. अरे, तुझा मान मोठा, की बकुळाची खुर्ची?

करवत माझ्या कमरेला लागली. एकदा पुढे, एकदा मागे. तेवढ्यात बकुळा आतून म्हणाली, "अहो, तुम्ही केलेली वस्तू ती. बोला की काहीतरी."

कोंडीराम उठला. त्याने नातीचा हात धरला.

"संघा, थांब. तो फुगलेला नाही. मीच त्याला मोठा केलाय. ॲल्युमिनियम थंड होताना आकसतं, फुटामागे सव्वा सूत. ते आकसणं मी आधीच त्याच्या अंगात ठेवलंय."

मग ट्रंकेतून ती पिवळी पट्टी निघाली. संघमित्राने ती माझ्यावर ठेवली. दोन खोबणींमध्ये बरोबर एक फूट, ना कमी ना जास्त. ती पट्टी कधी खोटं बोललीच नव्हती, ती थंड झाल्यानंतरचं माप सांगत होती. पोरीने करवत बाजूला ठेवली. मग हळूच म्हणाली, "आजोबा, मी आधी तुम्हाला विचारायला हवं होतं."

"आणि मी न विचारता सांगायला हवं होतं," कोंडीराम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी चाळीने पुन्हा टोप दिले. शिवडीच्या शेडमध्ये दौलत आता फक्त बसून हुकूम सोडतो, पण मला पाहताच उठला आणि स्वतःच्या हाताने वाळू चाळायला लागला. माझ्या कमरेवर करवतीची एक खाच पडली होती. संघमित्रा ती लांबी लावून बुजवायला निघाली, तर कोंडीरामने अडवलं. खाच वरवरची आहे, बळाला धक्का नाही, राहू दे, म्हणाला. त्यामुळे साच्यात ती उमटली आणि नव्या कमानीवरही आली. थंड झालेली कमान पाइपांवर ठेवली, तर दोन्ही खोबणी अश्शा बसल्या की दौलतने कोंडीरामच्या पाठीवर थाप मारली. मित्रांनो, त्या थापेतली अर्धी माझी होती!

चाळीतली पोरं आधी खुर्चीत वाळूची पोती ठेवून दोनदा जिना उतरली. मगच बकुळाला बसवलं. चौदा तारखेला ती पांढऱ्या साडीत, ताठ मानेने तीन मजले उतरली. खाली बायकांच्या रांगेने पुढची जागा मोकळी ठेवली होती. ढोल वाजले, जय भीमचा गजर झाला आणि उचलखुर्ची सगळ्यांच्या पुढे निघाली. मागून कोंडीराम आणि संघमित्रा चालत होती, आणि मला तिने पिशवीत सोबत घेतलं होतं. अडतीस वर्षांनी मी ती खुर्ची पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली. बकुळाचा हात नव्या कमानीवर होता आणि तिचा अंगठा त्या खाचेवरून सारखा फिरत होता.

आता मी माळ्यावर नाही. पट्टीशेजारी भिंतीवर टांगलेला असतो. तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू असेल. ती तुम्हाला जराशी मोठी, जराशी वाकडी, जराशी चुकलेली वाटेल. तिच्यावर करवत चालवण्याआधी, ती ज्याने केली त्याला एकदा विचारा. तो रुसलेला असेल, तर दोनदा विचारा.