सगळ्यांच्या कानांना एकच बाटली

पोहण्याच्या तलावाजवळ, मुलींच्या कपडे बदलायच्या खोलीत, आरशाखालच्या फळीवर कानात घालायच्या थेंबांची एक बाटली असायची. कुणी आणली, कधी आणली, देव जाणे! कुणाच्या पोरीचा कान ठणकला की तिची आई त्यातले दोन थेंब घालायची आणि बाटली जागेवर ठेवून द्यायची. दुसऱ्या दिवशी तिचंच टोक दुसऱ्या पोरीच्या कानात. आणि याला म्हणायचं शेजारधर्म!

बेडकीचा कान दुखायला लागला, तेव्हा तिच्या आईनंही तेच केलं. सदानकदा पाण्यात, म्हणून घरात त्या पोरीला सगळे बेडकीच म्हणत. थेंब पडताच ती किंचाळली.

"पुरे झाली नाटकं! औषध म्हटलं की झोंबणारच," आई म्हणाली.

घरी आत्या सरसावली. "थेंब कसले घालतेस वहिनी? कोमट तेल घाल. आम्ही तेलावरच वाढलो, झालो का बहिरे?"

"तेलानं काय होतंय? हे बघ, आमच्या साहेबांच्या मुलाचे उरलेले थेंब. एकदम भारी!" बाबांनी खिशातून आणखी एक बाटली काढली.

तेल भारी की थेंब भारी, यावर जेवण होईपर्यंत वाद रंगला. पोर उशीत तोंड खुपसून रडत होती, तिला कुणी विचारलंसुद्धा नाही. शेवटी कुणाचंच मन मोडायला नको म्हणून तेलही घातलं आणि थेंबही! आता सांगा, या शहाणपणाला काय म्हणायचं?

सकाळी कान लालभडक सुजला होता, पाणी गळत होतं. तेव्हा कुठे कानाच्या डॉक्टर आठवल्या. बाईंनी कान हलक्या हातानं साफ केला, आत पाहिलं आणि भडकल्याच.

"पडद्याला भोक आहे! आणि तुम्ही वाटेल ते ओतताय?"

"कुठलं औषध चांगलं, तेच तर बघत होतो," आई पुटपुटली.

"औषध बघितलंत. कान कुणी बघितला? जंतूंचे थेंब वेगळे, बुरशीचे वेगळे. एकाच्या जागी दुसरे घातले तर दुखणं वाढतं. पडदा शाबूत असताना चालणारे काही थेंब भोक असेल तर ऐकूच येईनासं करू शकतात. आणि तेलानं जंतू मरत नाहीत, बाई! तुलना करायचीच असेल, तर आधी कान तपासून घ्या, मग करा!"

"तिला ऐकू येईल ना हो?"

"भोक बहुतेक भरून येईल. ऐकण्याचं मात्र आज सांगत नाही. सूज उतरली की तपासू."

 आई लेकीपाशी वाकली. "चुकलं गं माझं, बाळा."

पोरीनं मान वळवली. "आई, या कानात बोल ना. त्या कानानं नीट कळत नाही."

त्याच संध्याकाळी आईनं तलावावर जाऊन फळीवरची बाटली उचलून कचऱ्यात भिरकावली.

"अहो, माझ्या लेकीला याच थेंबांनी गुण आला होता!" तिथली एक आई फणकारली.

"तुमच्या लेकीच्या कानाला आला. माझ्या लेकीच्या कानात कुणी पाहिलंच नव्हतं. मीसुद्धा!"



मंडळी, अशी एखादी उरलेली बाटली तुमच्याही घरात असेल. आजच फेका! पोर कान धरून रडू लागलं, तर तेल, थेंब आणि आपली अक्कल, तिन्ही बाजूला ठेवा आणि आधी त्याचा कान डॉक्टरांना दाखवा. औषधं बाजारात ढिगानं मिळतील, पोराचा कान मिळणार नाही.